धाकटीची स्लाइड

जेवायच्या सुट्टीआधी पॅथॉलॉजिस्ट बाईंनी धाकट्या बहिणीच्या रक्ताची स्लाइड भिंगाखाली सरकवली. अशक्तपणाच असणार, तांबड्या पेशी फिकट नि बारक्या दिसतील, एवढीच त्यांची अटकळ. पण काचेवर मोठाल्या, जांभळ्या, कच्च्या पेशी दाटल्या होत्या. रक्ताचा कर्करोग. शंकेला जागाच नव्हती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून बहीण याच हॉस्पिटलातल्या फिजिशियनच्या पायऱ्या झिजवत होती आणि दर खेपेला त्याने लोहाच्या गोळ्या देऊन तिची बोळवण केली होती.

बाईंनी त्याला ओपीडीतून उठवून आणलं. मायक्रोस्कोपमधून दोघांना एकदम पाहता येत असे.

"बघा! डोळे फाडून बघा!"

तो वाकला. "साधा ॲनिमिया आहे, मॅडम. बहीण आहे म्हणून जिवाला घोर लागलाय तुमच्या."

बाईंनी समोरून डोळा लावला. फिकट, बारक्या पेशी. जांभळी एकही नाही.

तो हसत निघून गेला. "तू बघ गं," त्या शेजारच्या टेबलावरच्या लॅबवालीला म्हणाल्या.

"जांभळ्या आहेत की बाई! गच्च भरल्यात."

बाई तशाच तरातरा गेल्या आणि त्याला दंडाला धरून परत घेऊन आल्या. या वेळी त्यांनी आपला डोळा भिंगावरून हलवला नाही.

तो वाकला.

आणि वाळलेल्या, रंगवलेल्या, काचेला चिकटलेल्या त्या मेलेल्या पेशी हलल्या.

एकेक करत त्याच्या डोळ्याच्या बाजूला सरकल्या.

मग दिसेनाशा झाल्या.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

बाहेर बाकावर बसलेली धाकटी दारात आली. तोंडावरचा रुमाल तिने खाली घेतला होता. "ताई, रक्त थांबलं गं. आपोआपच."

"मी काय सांगत होतो!" फिजिशियन डोळा चोळत म्हणाला.

लॅबवालीने काही बोलायला तोंड उघडलं. बाईंनी तिचं मनगट घट्ट दाबलं. राग अजून निवला नव्हता.

"तुमचंच खरं, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

त्याने डोळ्यावरून हात काढला. बुबुळाशेजारच्या पांढऱ्यात एक जांभळा ठिपका होता. बाई पाहत असतानाच त्याचे दोन झाले.