काचेतला दुसरा

तुम्ही पोलिसांनी जबाब लिहून घेतलात, सही घेतलीत आणि फाइल बंद केलीत.

"पाऊस होता म्हणून मचाणाची काच बंद होती. थर्मल दुर्बिणीतून दहा मिनिटं नीट पाहिलं. रानडुक्कर आहे अशी खात्री झाली. मग काच सरकवली आणि गोळी झाडली."

हे गोळी झाडणाऱ्याचे शब्द. ते कागदावर उतरवताना तुमच्यापैकी एकाचाही हात थांबला नाही. मेला तो माणूस होता, साहेब. डुक्कर नव्हतं.

पुढे जे सांगतोय ते घडलेलं आहे. कुणाला बनाव वाटला तर खुशाल वाटो. लुत्स्यान माझा मावसभाऊ, बोगना त्याची धाकटी बहीण. दोघांनी स्वयंपाकघरात बसून मला हे सांगितलं, तेव्हा दोघंही शुद्धीत होते आणि टेबलावर चहाशिवाय काही नव्हतं.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. पोलंडच्या पूर्व टोकाला, नारेव नदीच्या काठी, सेवेरिनचं मक्याचं शेत.

सेवेरिन म्हणजे बोगनाचा नवरा. लाकडाच्या वखारीत कामाला होता. करवतीने डाव्या हाताची दोन बोटं नेलेली. रानडुकरं मका लोळवायची म्हणून ऑक्टोबरात एका संध्याकाळी कुंपणाची तार बांधायला गेला आणि तारेपाशीच पडला. गोळी झाडणारा आमच्या शिकारी संघाचा अध्यक्ष. त्याच्या महिनाभर आधीच सेवेरिन त्याला चर्चबाहेर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "शिकारीसाठी डुकरं तुम्ही पोसायची आणि मका आम्ही पेरायचा?"

असो. ते तुमच्या फाइलीत नाही.

लुत्स्यानचं तालुक्याला शिकारीच्या दुर्बिणींचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की त्याची तीच टकळी. थर्मल घ्या जनावर शोधायला, नाइट व्हिजन घ्या ओळखायला. थर्मल अंगाची ऊब दाखवते, चेहरा दाखवत नाही. पांढरा डाग दिसला की चाप ओढायचा नाही. आणि काचेतून बघायचं नाही. थर्मलला काच म्हणजे भिंत. पलीकडचं काही दिसत नाही, आपलंच थोबाड दिसतं.

नवा शिकारी हमखास ही चूक करतो. जीपची काच न उघडता दुर्बीण लावतो, समोर पांढरा आकार बघून दचकतो आणि मग वर्षभर संघात त्याची टर उडते.

अध्यक्षानेही दुर्बीण घेताना दुकानाच्या काचेतून रस्ता बघायला घेतला होता.

"अहो, समोर कोण उभंय हे?" त्याने विचारलं होतं.

"तुम्हीच आहात ते, राव," लुत्स्यान म्हणाला होता.

तेव्हा सगळं दुकान हसलं. जबाबाच्या दिवशी मात्र त्यातला एकही माणूस बोलायला आला नाही.

लुत्स्यान तुमच्याकडे आला. तुम्ही त्याला म्हणालात, "यंत्र नवीन आहे. दिसतही असेल काचेतून. तुमच्याकडे पुरावा काय?"

तो पुरावा आणायला भाऊ-बहीण त्या शनिवारी शेतात गेले. मिळाला नसता, तर सेवेरिन कायमचा डुक्कर म्हणून मेला असता.

चार वाजताच अंधारून आलं होतं. थंडी, ओल, वारा नाही. सेवेरिन पडला तिथे बोगनाने तांबड्या काचेचा दिवा ठेवला होता, कबरीवर ठेवतात तसा. ती तिथे उभी राहिली. लुत्स्यान शिडी चढून मचाणात गेला. मचाण म्हणजे चार खांबांवर उभी केलेली लाकडाची खोली. एक बाक, एक सरकती काच. अध्यक्षाच्या दुर्बिणीचंच मॉडेल, तीच जागा, रेकॉर्डिंग चालू. फोन कानात.

आधी काच उघडी ठेवली.

"दादा, दिसते का?"

"दिसतेस."

"कशी दिसते?"

"जाड."

"मेल्या, चार कपडे घातलेत मी."

"बरं, आता वाक. तार बांधतात तशी."

बोगना वाकली.

"दादा... डुक्कर दिसते का मी?"

लुत्स्यानने नीट निरखून पाहिलं. तिचे दंड दिसत होते. कोपरं दिसत होती. मफलरचं लोंबणारं टोकसुद्धा. कोपरं असलेलं डुक्कर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"नाही गं. माणूस दिसतेस."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता काच लावतो. हलू नकोस."

त्याने काच लावली.

शेत गेलं. दिवा गेला. बहीण गेली. समोर नुसती करडी भिंत आणि तिच्यात त्याचा स्वतःचा फिकट आकार. डोकं, खांदे, डोळ्यांपुढे दुर्बीण धरलेले दोन हात.

झालं. पुरावा मिळाला. आता उतरायचं.

वखारीचा कुत्रा संध्याकाळपासून भुंकत होता...

तो गप्प झाला.

फोनमधला बोगनाचा श्वासही ऐकू येईना.

आणि काचेत, लुत्स्यानच्या उजव्या खांद्याशेजारी... काहीतरी पांढरं होऊ लागलं.

आपल्याच श्वासाची वाफ, त्याला वाटलं. पण वाफ विरते. हे विरेना.

त्याला डोकं आलं.

मग खांदे आले.

लुत्स्यानने दुर्बीण खाली घेतली. उजवीकडे पाहिलं. बाक रिकामा. वर थर्मास, दुसरं काही नाही. त्याने हात फिरवून पाहिला. हाताला गार लाकूड लागलं.

दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

काचेत दोघं बसले होते.

दुसऱ्याच्या हातात दुर्बीण नव्हती. त्याचे हात मांडीवर होते आणि तोंड... तोंड काचेकडे नव्हतं. लुत्स्यानकडे वळलेलं होतं.

लुत्स्यानच्या मानेवरून घाम ओघळला.

मग दुसऱ्याने हात उचलला. सावकाश. काचेवर टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला, जणू बाहेरचं शेत दाखवतोय.

आणि तो आकारच नाहीसा झाला.

काचेवर हाताचा ठसा राहिला. पांढरा, उबदार.

अंगठा... आणि दोनच बोटं.

"दादा." फोन एकदम जागा झाला. "तू उतरतोयस का?"

"नाही."

"शिडी वाजतेय मचाणाची."

लुत्स्यानला शिडीचा आवाज येत नव्हता. तो शिडीच्या वरच बसला होता.

त्याने धडपडत काच सरकवली आणि दुर्बीण बाहेर रोखली. समोर बोगना, दिव्याजवळ, एकटी. दोघांच्या मध्ये चिखल आणि मक्याची खुंटं. रिकामं रान.

पण जमिनीवर, मचाणाच्या पायथ्याशी... एक उबदार डाग उमटला.

त्याच्या पुढे दुसरा.

मग तिसरा.

पावलं होती. चालणारा दिसत नव्हता. मागचं पाऊल विझत होतं, पुढचं उमटत होतं आणि रांग सरळ बोगनाकडे चालली होती.

पळ म्हणावं? कुणापासून?

पावलं तिच्यापाशी जाऊन थांबली.

"दादा," बोगना हळूच म्हणाली, "इथे ऊब आहे रे."

कुत्रा पुन्हा भुंकायला लागला, तेव्हा कुठे लुत्स्यान शिडी उतरला.

घरी गेल्यावर त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. लुत्स्यानला वाटत होतं, त्यात काही नसावं. सगळं होतं. काचेवरचा ठसा आला तेव्हा बोगनाने पडद्यावर आपला तळवा टेकवला आणि ती उठून भांडी घासायला गेली. पाणी वाहत राहिलं, भांडं एकही वाजलं नाही.

ते रेकॉर्डिंग तुमच्याकडे दिलंय, साहेब. तुमचं उत्तर मी वाचलं. दोन ओळींचं. "काचेतील दुसरी आकृती व जमिनीवरील डाग हा यंत्राचा दोष समजावा. सदर यंत्र विश्वासार्ह नाही."

लुत्स्यान आता दुकानात कुणाला दुर्बीण लावून बघू देत नाही. गिऱ्हाइकाला बाहेर अंगणात नेतो. अंधार पडायच्या आत दुकानाच्या काचेवर लाकडी फळ्या लावतो. अध्यक्ष त्या मचाणावर पुन्हा चढलेला नाही. जीपमध्येही तो काचा खाली करून बसतो, भर थंडीत. का, ते तो सांगत नाही. तुम्हीही विचारलेलं नाही.

म्हणून मी विचारतो.

नसलेला माणूस दाखवतं म्हणून यंत्र खोटं. मग त्याच जातीच्या यंत्राने असलेला माणूस डुक्कर दाखवला, ते खरं कसं धरलंत?

आणि काच बंद होती, हे तुम्हीच लिहून घेतलंय. बंद काचेत बघणाऱ्याला फक्त तो स्वतः दिसतो, आणि शेजारी कुणी बसलं असेल तर तो. सेवेरिन तेव्हा जिवंत होता, खाली तार बांधत होता; तो शेजारी नव्हता आणि काचेपलीकडून दिसणारही नव्हता.

मग दहा मिनिटं अध्यक्ष त्या काचेत कोणाकडे बघत होता?

त्याला बोलवा. विचारा. आणि काय म्हणतो ते बोगनाला लेखी कळवा.