पिवळा दोरा

रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आम्ही दोघं उभे होतो.

तो खिडकीशी, मी भिंतीला टेकून. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"बसा ना," तो म्हणाला.

"तुम्ही बसा."

"मला सवय आहे उभं राहायची. लिफ्ट दुरुस्त करतो मी." मग जरा थांबून — "भगंदर आहे. तुम्हाला?"

तीन वर्षांत हा शब्द डॉक्टरांखेरीज कुणी माझ्यासमोर उच्चारला नव्हता. आई नातेवाइकांना पाठदुखी सांगायची. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मुलांना वाटतं, बाई कडक आहेत म्हणून बसत नाहीत.

"तेच," मी म्हणाले, आणि मला चक्क हसू आलं.

आम्हा दोघांनाही क्रोन्स. हा आजार आतडं आतून कुरतडतो. आमच्यात तर त्याने गुदद्वाराच्या आतून शेजारच्या कातडीपर्यंत बोगदा खणला होता. त्यातून पू येतो, कपड्यांना डाग पडतात, आणि लाजायचं आम्ही — जसा काही बोगदा आम्हीच खणलाय. त्यातून एक रबरी दोरा ओवून बाहेर त्याची कडी बांधतात. म्हणजे तोंड मिटत नाही, पू आत साचत नाही. शिवाय दर आठ आठवड्यांनी सलाईनमधून औषध. त्या दिवशी आम्हाला शेजारशेजारचे पलंग मिळाले.

"तुमचा दोरा कुठल्या रंगाचा?" त्याने विचारलं.

"शी! हे काय विचारणं झालं?"

"माझा निळा."

थेंब पडत होते. मी छताकडे बघत राहिले.

"पिवळा," मी म्हणाले.

"हं... शोभत असेल."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी कानफटात मारली असती. पण मी लाजले. त्यानंतर नर्सच आमच्या तारखा एकाच दिवशी द्यायला लागली.

चौथ्या वेळी तो म्हणाला, "रविवारी घरी ये. माझी ताई येणार आहे. तिला तुला बघायचंय... म्हणजे भेटायचंय."

शनिवारी मी न्हाणीघरात आरसा धरला आणि नखं कापायच्या कात्रीने दोरा कापून टाकला. एमआरआयमध्ये आतला भाग स्वच्छ दिसेपर्यंत हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दोन महिने पुवाचा एक थेंब आला नव्हता. आणि मला एक दिवस, फक्त एक दिवस, त्याच्या शेजारी धड अंग घेऊन बसायचं होतं.

बसले. ताईशी तासभर गप्पा मारल्या.

"आज बसलीस?" तो हळूच म्हणाला.

"बरं वाटतंय."

त्याने मला निरखून पाहिलं.

बुधवारी ताप चढला. वरची कातडी मिटली होती आणि आत पू दाटत होता. तरी मी दोन दिवस शाळेत गेले. शुक्रवारी त्याचा फोन आला.

"आवाज असा का?"

"सर्दी."

"मला नको शिकवू. काय झालंय?"

सांगितलं.

"का कापलास?"

"तुझ्यासाठी."

"माझ्या नावावर नको टाकूस हे. मी दोऱ्यासकट येतो ना तुझ्याकडे? कधी दारातून हाकललंस मला?" त्याचा आवाज फुटला. "तयार राहा. आईंनाही सांग. मी येतोय."

संध्याकाळी भूल देऊन पू काढला, नवा दोरा घातला. जंतुसंसर्ग उतरेपर्यंत सलाईनचं औषध पुढे ढकललं. एका कात्रीने सहा महिन्यांची मेहनत मागे गेली.

घरी सोडायच्या दिवशी नर्सने विचारलं, "जखम रोज धुवून गॉज बदलायचं. तिला स्वतःला दिसणार नाही. कोण करणार?"

आईने खाली बघितलं. तिचा दोष नाही. तिला हे बघणं शिकवलंच नव्हतं कुणी.

"मी शिकतो," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "दुसरं काहीही बघ. हे नको."

"माझं मी रोज आरशात बघतो. त्यात काय नवीन आहे?"

"लग्नाआधी तर नाहीच."

"मग लग्न करू. पण जखम काही मुहूर्तापर्यंत थांबायची नाही."

नर्सने तोंडावर हात धरला. आई हसली नाही.

"हे वर्षानुवर्षं चालेल कदाचित," मी म्हणाले. "बोगदा बुजेलच असं नाही."

"माझाही."

तो विनवत नव्हता. नुसता थांबला होता. घाबरलेला दिसत होता, आणि तरी तिथेच होता. बाहेर चाकाची खुर्ची करकरत गेली.

"हातमोजे कुठल्या मापाचे देऊ?" नर्सने त्याला विचारलं.

"मोठे द्या," मी म्हणाले. "त्याचे हात मोठे आहेत."

आई उठली. तिने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि बाहेर, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली — कुणी आत येऊ नये म्हणून.