न थांबलेला सूर

हॉटेलच्या व्यवस्थापकानं फौजदारबाईंना कोठीचं दार उघडून दिलं. वेटरच्या पोशाखातला गायक दादा पोत्यांवर उताणा पडला होता. गळ्याभोवती वायरीचा काळपट वळ.

फौजदारबाई वाकल्या. दादाच्या कॉलरला लावलेला माईक बंद होता.

हॉलमध्ये एका कंपनीच्या मेजवानीचे पाहुणे चिडीचूप बसले होते. मघाशी याच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. भर जेवणात एक आचारी आणि एक पाहुणी अचानक गाऊ लागली, पाठोपाठ स्पीकरवर दादाचा आवाज आला! शेवटच्या कडव्याला दादानं कोठीतून गात बाहेर यायचं होतं. तो आलाच नाही.

वेष पालटून असं अचानक गायचं, हाच त्या तिघांचा धंदा. पाहुणी झालेली दादाची धाकटी बहीण. आचारी झालेला तिचा नवरा.

"गाणं चालू असताना तुम्ही कुठे होतात?"

"सगळ्यांच्या डोळ्यांसमोर," नवरा म्हणाला. "आणि दादा आत गात होता. सगळ्यांनी ऐकलंय."

"स्पीकर कोण बघतं?"

"मीच."

"मग त्याचा माईक बंद कसा?"

"झटापटीत झाला असेल."

बाई बहिणीकडे वळल्या. "गाण्यात काही वेगळं जाणवलं?"

"एका आजोबांनी कौतुकानं माझा हात धरला, माझी ओळ हुकली. एरवी दादा तीच ओळ घोळवत मला सांभाळून घेतो. आज थांबलाच नाही. वाटलं, अजून रागात आहे."

"राग कसला?"

ती अडखळली. "ह्यांचा आवाज बसलाय. उद्यापासून ह्यांनी गायचं नाही, फक्त स्पीकर सांभाळायचा, असं सकाळी दादानं तोंडावर सांगितलं. मीही दादाचीच री ओढली."

"जिवंत माणूस जोडीदारासाठी थांबतो," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "रेकॉर्डिंग थांबत नाही. गाण्याआधीच तुम्ही त्याचा गळा आवळलात, माईक बंद केलात, त्याचा आवाज स्पीकरवर सोडलात आणि साक्षीदारांपुढे येऊन उभे राहिलात. मोबाइल द्या."

त्याचा हात नकळत एप्रनच्या खिशावर गेला. हवालदारानं तिथूनच मोबाइल काढला. त्यात तालमीतला दादाचा एकट्याचा आवाज होता.

"जन्मभर गायलो," नवरा पुटपुटला. "आता वायरी गुंडाळत बसू?"

बहीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"शेवटच्या कडव्याला मी दाराकडे हात पसरून दादाची वाट बघत होते," ती म्हणाली. "आणि तू माझ्याकडे बघून हसलास."