रिकाम्या सर्व्हरवर

दुपारचे चार वाजले होते. नांदुऱ्यात, सरकीच्या दुकानावरच्या माडीत, रिकाम्या सर्व्हरचा पंखा घरघरू लागला.

ही घटना खरी आहे. दीपमालानं सांगितली तशीच इथं दिली आहे.

दीपमाला आणि तिचा मामेभाऊ संघर्ष दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवत. एकेका सर्व्हरवर कितीतरी दवाखान्यांच्या पेशंटची माहिती. एकावर ताण आला, की एखाद्या दवाखान्याची माहिती दुसऱ्यावर हलवायची. त्याआधी तिथं फोन करायचाच. "थोडं थांबा, काही लिहू नका." कारण हलवताना लिहिलेलं मागे राहतं... जुन्याच जागी.

हा नियम दोघांनी मिळून केला होता.

उन्हाळ्यात संघर्षनं जळगाव जामोदच्या डॉ. सिंधूताईंच्या दवाखान्याची माहिती दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. त्याच दुपारी तिथं महामाया नावाची बाई इंजेक्शननं दगावली. ते तिला चालत नव्हतं. नर्स मलिहानं कॉम्प्युटरवर तसं लिहिलं होतं. इंजेक्शन देण्याआधी सिंधूताईंनी पाहिलं, तेव्हा रकाना कोरा होता.

"मी फोन केला होता, ताई. मलिहानंच ऐकलं नाही," संघर्ष म्हणाला.

दीपमालानं त्याच्यावर विश्वास ठेवला. फोन आलाच नाही म्हणणाऱ्या मलिहाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मलिहाची नोकरी गेली. सिंधूताईंनी दवाखाना बंद केला. जुना सर्व्हर पुसून रिकामा झाला.

आता त्याच सर्व्हरवर ताण चढत होता.

पडद्यावर एकच नाव... जळगाव जामोद.

तिनं सिंधूताईंना फोन लावला.

"कुलूप हाये दवाखान्याले. चावी माह्याजवळ," त्या म्हणाल्या. "काऊन? आनखी कोनाले खोटं पाडायचं राह्यलं का?"

फोन बंद झाला.

पंखाही थांबला.

खालच्या दुकानातला आवाजही येईना.

मग टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला...

"ताई..." बाईचा आवाज. दमलेला. "मले ती सुई चालत नाही. मलिहानं लिवलं होतं. पन तिले थांब म्हनलंच नाही कोनी."

जरा वेळानं...

"आता थांबू का?"

दीपमालानं रिसीव्हर ठेवला. समोर संघर्ष बसला होता. कोणाचा फोन, हे त्यानं विचारलं नाही.

"या वेळचा फोन नको उचलत जाऊ," तो हळूच म्हणाला. "मी नाही उचलत."

"कधीपासून येऊन राह्यला?"

तो पडद्याकडे वळला.

"त्या दिवशी तू फोन केला होता का मलिहाले, संघर्ष?"

"मोठं हॉस्पिटल जोडायचं होतं त्या दिवशी. घाई होती, ताई."

दीपमालानं सर्व्हरची वायर उपटली. तशीच मलिहाच्या घरी गेली. मलिहानं दार उघडलं नाही.

संघर्ष पुण्याला निघून गेला.

वायर अजून निघालेलीच आहे. तरी चार वाजले, की पंखा फिरतो. फोन येतो. दीपमाला उचलते, ऐकते. थांब म्हणावं की जा म्हणावं, तिला कळत नाही.

काल मात्र बाईनं ते विचारलंच नाही.

"ताई," ती म्हणाली, "तुमचा तो भाऊ आता कुठं राह्यते?"

दीपमालानं पत्ता सांगितला.

कालपासून संघर्षचा फोन लागत नाही.