मागून आणलेलं नाव

"थांबा अक्का... या खेपेला नाव पुष्पाताई सांगतील."

मंदाचे हे शब्द कानी पडले आणि पाळण्याच्या दोरीकडे गेलेला भिकुबाईचा हात तसाच हवेत राहिला. असोदा गावातल्या त्या घराची पुढची खोली शेजारपाजारच्या बायांनी भरली होती, पाळण्याला झेंडूची माळ लावली होती, आणि आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचे, तो क्षण आला होता. थोरली आत्या भिकुबाईच होती. भाऊ पंडित आणि भावजय मंदा यांच्या आधीच्या दोन्ही लेकरांची नावे तिनेच ठेवली होती... आणि ती दोन्ही लेकरे वर्ष पुरे व्हायच्या आत गेली होती.

मंदा नजर वर करीत नव्हती. माझ्या तोंडून निघालेले नाव या घराला लाभत नाही, हे सांगायला आता शब्द कशाला हवेत, असे भिकुबाईच्या मनात आले.

तिने धाकट्या बहिणीकडे पाहिले. पुष्पा धुळ्याच्या शाळेत शिकवीत असे. सकाळच्या एसटीने आली होती, तरी मोतिया रंगाच्या साडीची घडी मोडली नव्हती. ती दारात आली तेव्हा बायांनी सरकून तिला सतरंजीवर जागा दिली होती. भिकुबाई पहाटेपासून राबत होती, पण तिच्यासाठी कोणी सरकले नव्हते. एकाच आईच्या पोटी दोघी जन्मल्या, एकीला फूल म्हटले आणि एकीला भीक...! हा जाळ नवा नव्हता. शाळेत दुधाचे वाटप होई तेव्हा पोरे म्हणत, "भिकू, तुले वाटी कशाले? ओंजळ धर की." तिसरीतच तिने शाळा सोडली, पुष्पाला कडेवर घेतले, आणि तिला न्हाऊमाखू घालताना, तिच्या वेणीला रिबीन बांधताना हे पोर आपल्या वाट्याचे सगळे सुगंध घेऊन जन्माला आले आहे, असे त्या लहान वयातही तिला वाटत राहिले. म्हणूनच भावाच्या लेकरांना तिने ऐश्वर्याची नावे शोधली होती, रत्नप्रभा आणि राजेंद्र. आज सुवर्णा हे नाव मनात घोळवीत ती पाळण्याशी आली होती.

"ठेव माय, तूच ठेव," ती पुष्पाला म्हणाली. "तुले सगळंच शोभते."

"अक्का, ऐक तरी जरा..."

पण भिकुबाई उंबरा ओलांडून ओट्यावर गेली होती.

ओट्यावर तोताराम नाना बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, तरी मुले दिसली की त्यांना शिकवल्यावाचून राहवत नसे. घुगऱ्यांची वाट पाहणारी गल्लीतली पोरे त्यांच्याभोवती जमली होती आणि आज बारसे म्हणून प्रत्येकाला आपल्या नावाचा अर्थ हवा होता.

"नाना, माझ्या नावाचा?" शेजारच्या सिताराचा नसीम विचारीत होता.

"नसीम म्हणजे पहाटेची झुळूक. लांब अरबस्तानातून आलं बघ तुझं नाव."

"अन् माझ्या आईचं?"

"सितारा म्हणजे चांदणी. आणि ही तारा बसली आहे ना तुझ्या शेजारी, तिचा अर्थही तोच. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडचे आणि इराणातले लोक जवळजवळ सारखीच भाषा बोलायचे. ही दोन्ही नावं एका घरच्या बहिणी समजा. एक तिकडं नांदायला गेली, एक इकडं राहिली."

तारा लगेच नसीमला म्हणाली, "मंग आजपासून मले मावशी म्हणत जाय."

पोरे हसली. त्यातलेच एक बोलून गेले, "अन् भिकू म्हणजे काय हो नाना?" दारात उभी असलेली भिकुबाई दिसताच त्याने जीभ चावली.

नाना मात्र गडबडले नाहीत. "आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत कोण राहायचं? भिक्खू. राजेसुद्धा त्यांच्यापुढं हात जोडायचे. ज्यानं स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही तो मागून खातो, आणि त्याला वाढायला मिळणं हे भाग्य, असं लोक तेव्हा मानायचे. पुढं दिवस बदलले. मान गेला, वाटी तेवढी उरली."

"माझ्या वाट्याले वाटीच आली, नाना," भिकुबाई कोरडेपणाने म्हणाली.

नाना काही बोलणार तोच आतून पुष्पाचा आवाज आला... कुर्रर्र... आणि पाठोपाठ बायांनी तिच्या पाठीत घातलेले हलके धपाटे, हसणे, आणि मग सगळ्यांना ऐकू जावे असे ते नाव.

"भिकू."

भिकुबाई आत धावली.

"थट्टा मांडली का व माझी? एवढ्या बायांत? काय वाईट केलं मी तुमचं?"

"थट्टा नही व अक्का," मंदा रडत म्हणाली. "मले जगणारं नाव पाहिजे होतं."

भिकुबाईची आई सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने लेकीचा पदर धरून तिला खाली बसवले. "विसरली का? तुझ्याआधी माझे तीन गेले. मंग मी ओटी पसरून पाच घरं फिरली, चिंध्या मागितल्या, त्याचं झबलं शिवलं अन् तुले घातलं. ही आमची नही, मागून आणेल हाये, असं मरणाले सांगितलं. तू जगली. तू जगली म्हणून तर तिले फूल म्हणाची हिंमत झाली मले. आजचं तुले आधी सांगितलं असतं तर तू होऊ दिलं नसतं. अन् आपलं नाव आपल्याच तोंडानं लेकराच्या कानात सांगत नहीत, म्हणून पुष्पाले सांगाले लावलं."

भिकुबाईने पुष्पाकडे पाहिले. त्या मोतिया साडीचा पदर ओला झाला होता.

"माझ्यासाठी कोणी कोणाच्या दारात गेलं नाही, अक्का," पुष्पा म्हणाली. "आई तुझी ही गोष्ट सांगायची ना, तेव्हा मी गोधडीत तोंड घालून रडायचे. वाटायचं, हिला तर देवाकडे मागून आणलं, मी आपली अशीच आले. किती हेवा केला मी तुझा..."

जन्मभर जिच्याकडे आपण आशाळभूतपणे पाहत आलो, ती तिकडून आपल्याकडे तसेच पाहत होती, हे भिकुबाईला आज, केस पिकू लागल्यावर कळत होते. तिने पाळण्यात पाहिले. इवलीशी मूठ तोंडात घालून ती चिमुरडी झोपली होती.

"पण पोरं चिडवतील हिले," ती कळवळून म्हणाली. "मी सोसलं, मले माहीत हाये. नका व..."

"चिडवू द्या," मंदा म्हणाली. "चिडवाले ती राहील तरी ना, अक्का."

भिकुबाईने मंदाला जवळ घेतले, आणि दोघी कितीतरी वेळ तशाच रडत राहिल्या.

सुंदरबाईने डोळे पुसले. "आता चिंध्यांचं पाहा. नुसत्या नावानं भागत नही. मंदा तर अजून उंबरा ओलांडत नही, अन् माझे गुडघे उठू देत नहीत."

"मी जाते," पुष्पा उठली.

"तू बस."

भिकुबाईने पदर खोचला. या बाईने उभ्या आयुष्यात शेजारी विरजणसुद्धा मागितले नव्हते. घरात मीठ संपले तर ती आळणी जेवली होती, पण नावावरून कोणी हसेल म्हणून कोणाच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभी राहिली नव्हती. ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. पोरे बाजूला झाली. पहिले दार सिताराचे होते.

सितारा पीठ मळता मळता बाहेर आली. "क्या हुआ, भिकुबाई? आप यहाँ?"

भिकुबाईने पदर सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला.

"चिंधी वाढ माय. भीक मागाले आली. भाचीसाठी."

सितारा हसली नाही. हात धुऊन ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि येताना तिने आपल्या ईदच्या हिरव्या ओढणीचा काठ फाडून आणला. तो तिने दोन्ही हातांनी पदरात ठेवला.

"नाम क्या रखा बच्ची का?"

"माझंच," भिकुबाई म्हणाली आणि पदर तसाच पसरून पुढच्या दाराकडे वळली.