तिसरी प्रतिवादी

पुसदच्या एस.टी.त एका अनोळखी तरुणानं मला खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः दांडी धरून उभा राहिला. माझ्या हातात कोर्टाचा कागद होता. सातवी शिकले होते मी, तरी त्यातला एक शब्द काही केल्या उलगडेना. शेवटी धीर केला.

"अहो… संगनमत म्हणजे काय?"

"चार जणांनी मिळून, ठरवून केलेली लबाडी."

"म्हणजे मी लबाड?" माझा आवाज चढला. "हे पाहा, तिसरी प्रतिवादी, जमनी. मीच ती! कोणं लिवलं हे?"

तो बाहेरच्या पऱ्हाटीच्या शेतांकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले.

"म्याच… वकिलाचा कारकून हाय मी. पूनमसिंग. बसंतीबाई माही मावशी."

उतरूनच जावंसं वाटलं. पण बस चालू होती… आणि त्याची नजर खाली गेली होती.

बसंतीबाई आमच्याच तांड्यातली विधवा. विहिरीजवळच्या शेतावरचा हक्क तिनं माझ्या मामाला सोडून दिला, असा एक कागद होता. त्यावर तिचा अंगठा होता. पण अंगठा कशावर देतेय, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो कागद लिहिला होता मी. म्हणून मामा, कागदावरचा साक्षीदार आणि मी, अशा तिघांवर तिनं दावा लावला होता.

"मामा सांगत गेले, मी लिवत गेली," मी म्हणाले. "बसंतीकाकी राजी हाय म्हनले. मले काय ठाव?"

"कागदाशी ज्यांचा ज्यांचा संबंध, तेवढी नावं टाकली मी." मग हळूच, "इतकं टपोरं अक्षर लिवणारी लबाड असंल, असं वाटलं नव्हतं…"

"मंग लिवलं काहून?"

त्यानं दांडीवरचा हात बदलला. मला मात्र, का कोण जाणे, राग धरून ठेवता येईना.

त्या दिवशी पुसदच्या कोर्टात जज्जसाहेबांनीही तेच विचारलं. "कागद हिनं लिहिला म्हणता. पण तो खोटा आहे हे हिला ठाऊक होतं का? ठाऊक असून लिहिला का? नुसतं 'संगनमत केलं' म्हटल्यानं भागत नाही. दाव्यात हे कुठं आहे?"

बसंतीबाईच्या वकिलांनी मुदत मागितली. दावा दुरुस्त करायला पंधरा दिवस मिळाले.

ते पंधरा दिवस भावसिंगमामा एकच सांगत होते. "म्हन, अक्षर माहं नाही. मंग कागद कसा झाला, ते सांगनारं कोणीच नाही. तू सुटशीन, मीही सुटीन." आईबाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं होतं.

पुढच्या तारखेला पूनमसिंग कोर्टाच्या पायरीवरच भेटला.

"तुमचं नाव काढलं दाव्यातून. वकीलसाहेबाले म्या सांगितलं, तिले ठाव होतं असं लिवाले आपल्यापाशी काहीच नाही. जा घरी. आता कोणी काही पुसणार नाही."

छातीवरचा धोंडा उतरला. जाणारच होते… पण पलीकडे बसंतीकाकी ओढणीचं टोक तोंडात धरून बसली होती.

मी आत गेले आणि साक्ष द्यायची आहे म्हणून सांगितलं.

"कागद मी लिवला," साक्षीत सांगितलं. "लिवला तवा काकी तिथं नव्हती."

मामांची मान खाली गेली. मग तेच उठले आणि हात जोडून म्हणाले, "शेत तिचंच हाय, साहेब."

बाहेर आल्यावर मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं, पोरी. मलेच जड झालतं."

मामा तिकीट काढायला गेले, तेवढ्यात पूनमसिंग जवळ आला. हातातली टोपी उगाच फिरवत राहिला.

"मावशीले घेऊन रविवारी येऊ म्हणतो… मागणी घालाले. मामा घरात घेतीन?"

"मले काय ठाव?"

"अन् तुमी?"

"मी…" मी एस.टी.च्या पाटीकडे बघत म्हणाले, "मी सकाळीच अंगण सारवून ठेवीन."

रविवारी दोघं आले. मावशी-भाचे कुडाजवळच थबकले. मामा खाटेवर उठून बसले, त्यांनी बसंतीकाकीकडे पाहिलं… आणि सरकून खाटेवर जागा केली.

"ये, बसंती. बस." मग आत वळून म्हणाले, "जमनी, गूळपाणी आण. पाहुणे आले."