सहा पाय, पण कोणाचे?

टिंग!

बेसिनमध्ये चमचा घरंगळला आणि घरगाडीत पुन्हा सगळं शांत झालं.

ताईने पुस्तकातून मान वर काढली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. सकाळपासून या गाडीत एकही आवाज प्रश्नाशिवाय सुटला नव्हता. कपाटाचं दार आपटो, झाकण पडो, नाहीतर बाबांना शिंक येवो, भिंगरीचं आपलं ठरलेलं, "कशाचा आवाज?" पाच वर्षांची ही धाकटी बहीण झोपेतसुद्धा विचारायची आणि उत्तर मिळालं की कूस बदलायची.

आता चमचा पडला, तरी काहीच नाही!

"किती शांत वाटतंय गं!" पुढच्या सीटवरून आई म्हणाली. सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच तिने डोळे मिटून मान मागे टेकली होती. "दमली बाई एकदाची पोर."

"तिला उठवून सीटचा पट्टा लावूया ना," ताई तिसऱ्यांदा म्हणाली.

"झोपलीय, झोपू दे," बाबाही तिसऱ्यांदा म्हणाले. "निघताना पाय मोजलेत मी!"

पाय मोजणं ही बाबांची खास पद्धत. भाड्याने आणलेल्या या घरगाडीत ओटा होता, बेसिन होतं, अगदी मागे पलंग होता. पण बाबांच्या आरशात मुलांची डोकी काही दिसत नसत. दिसत ते मधल्या वाटेत काढलेले पाय. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर ते ओरडत, "पाय!" मुलं तीन, पाय सहा. सहा भरले की गाडी सुरू!

ताई बाकावर चुळबुळली. शेजारी तिचा मावसभाऊ मांडीवर भलामोठा नकाशा पसरून बसला होता. तो सदानकदा असाच बसे, म्हणून त्याचं नावच नकाशा पडलं होतं.

"ए, मागे बघ," ती कुजबुजली. "भिंगरीचे पाय."

पलंगावरच्या पांघरुणातून दोन पाय बाहेर आले होते.

"त्यांना काय झालं?"

"मोठे झालेत!"

"तासाभरात? खत घातलंस की काय?"

"चेष्टा नको! अंगठ्याला चिकटपट्टी आहे बघ. भिंगरीला कुठे लागलंय?"

नकाशाचं हसू मावळलं. घाटाच्या वळणावर गाडी कलली, तसे ते पायही डुलले.

"बाबा, गाडी थांबवा! आत्ताच्या आत्ता!"

"का? मळमळतंय?"

"थांबवा ना!"

बाबांनी गाडी कडेला घेतली. दोघं मागे धावली. ताईने पांघरूण उचललं. पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा तोंड उघडं टाकून घोरत होता!

"हा कोण?" बाबा ओरडले.

"आणि माझी भिंगरी?" आईने अख्खं पांघरूण ओढून काढलं.

"पण पाय सहा होते! मी स्वतः मोजले!"

"कोणाचे ते बघितलंत का?" आई म्हणाली.

गलका ऐकून मुलगा जागा झाला. चार अनोळखी चेहरे बघून त्याने भोंगा पसरला. ताईने त्याला जवळ घेतलं, बिस्किट दिलं. हुंदके देत तो म्हणाला, "मी ढब्बू. मला आजीकडे जायचंय."

"मघाशी पाणी भरायला थांबलो, तेव्हा भिंगरी याच्याशीच खेळत होती!" ताईला आठवलं. "यांची गाडी शेजारीच होती. हीच पांढरी, हाच हिरवा पट्टा!"

"आत पलंगसुद्धा हाच," ढब्बू बिस्किट चावत म्हणाला.

आता सगळं लख्ख झालं. उन्हात दमलेली दोन पोरं, दोन उघडी दारं. दोघंही आपलीच गाडी समजून शिरली आणि झोपली!

बाबांनी फोन काढला. घाटात रेंज कुठली! "मागे वळतो. सरळ त्या थांब्यावर."

"काका, नको!" नकाशाने नकाशा जमिनीवर अंथरला. "तिथे जायला तासभर. ते तर तिथून कधीच निघाले असणार. ढब्बू, तुम्ही घाटातून येणार होतात का रे?"

"छे! आजीला वळणं लागतात. नदीकडून जायचं ठरलंय. आजोबांनी पुलावर आइस्क्रीम कबूल केलंय."

"ऐकलंत? थांब्यापासून दोनच रस्ते. घाटाने दोन तास, नदीने तीन. आणि दोन्ही या पुलाच्या नाक्यावर मिळतात. आपण पुढेच गेलो, तर त्यांच्या आधी पोचू!"

"आणि ते मध्येच मागे फिरले तर?" आईने विचारलं. तिचे हात पांघरुणाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

"नाक्यावर रेंज मिळेल, मावशी. गाडी भाड्याने देणाऱ्या गाडीवाल्यांकडून त्यांचा नंबर घेऊ. इथे नुसतं बसून काय होणार?"

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. "सगळ्यांनी पट्टे लावा! ढब्ब्या, तूसुद्धा!"

तो तास संपता संपेना. आई दर वळणाला फोन वर धरत होती. ताईने मागची चादर ओढली आणि नकाशाच्या जाड निळ्या पेनाने तिच्यावर काहीतरी गिरवत बसली.

नाक्यावर रेंज मिळाली, पण गाडीवाल्यांचा फोन सारखा व्यस्त! बाबा पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते. आई रस्त्याच्या कडेला उभी होती. ट्रक गेले, बस गेली, दुधाचा टँकर गेला.

"ती बघा! हिरवा पट्टा!" नकाशा ओरडला.

गाडी आली. चालवणाऱ्या आजोबांनी हुबेहूब आपल्यासारखीच गाडी बघून खुशीत हॉर्न वाजवला, हात हलवला आणि नाक्याच्या गर्दीतून गाडी हळूहळू पुढे काढली!

"धर ते टोक!" ताई आणि नकाशा चादर ताणून कडेकडेने धावत गाडीच्या पुढे गेले. चादरीवर हातभर अक्षरं होती: पांघरूण उचलून बघा!

करकचून ब्रेक लागला. दार उघडलं. आतून आजीची किंकाळी आली आणि पाठोपाठ एक झोपाळू आवाज, "कशाचा आवाज?"

आई कशी धावली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग एकच गोंधळ! आजी ढब्बूला कुरवाळत होत्या, आजोबा कपाळाला हात लावून बसले होते. "आम्ही एकदा डोकावून बघायला हवं होतं," ते म्हणाले. "पोरांनो, तुम्ही होतात म्हणून! शाबास!" आइस्क्रीम सगळ्यांना मिळालं, नकाशाला दोन.

"आजपासून पाय बंद," बाबा खाली मान घालून म्हणाले. "तोंडं मोजणार. आणि ताई म्हणेल तेव्हा पट्टा!"

गाडी निघाली. या वेळी आई मागे बसली होती, भिंगरीच्या शेजारी. एक हात तिच्या पट्ट्यावर, तो काही केल्या निघेना.

टिंग! पुन्हा तोच चमचा.

"कशाचा आवाज?"

"चमच्याचा गं राणी."

"मी नव्हते तेव्हा पण पडला होता?"

"हो."

"मग कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. सगळं शांत होतं."

भिंगरीने आईची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"आई, तेव्हा तुला बरं वाटत होतं का गं?"